घरच्या टेबलावर रेडिओ अ‍ॅम्प्लिफायर मोजताना आकड्यावर विश्वास कधी ठेवावा?

हौशी रेडिओच्या (हॅम रेडिओच्या) क्षेत्रात गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. ज्या जातीची मोजमापाची उपकरणे पूर्वी केवळ महाविद्यालयांच्या आणि कारखान्यांच्या प्रयोगशाळांत, लाखो रुपये मोजून आणलेली असत, त्याच जातीची नॅनो-व्हीएनए (परिपथाचा प्रतिसाद मोजणारे) आणि टायनी-एसए (कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे ते दाखवणारे) ही खिशात मावणारी उपकरणे आता काही हजार रुपयांत घरी येतात. हैदराबादचे अशर फरहान यांनी रचलेल्या बिट-एक्स आणि मायक्रो-बिट-एक्स या संचांमुळे अनेकांना आपला ट्रान्समीटर आपल्या हाताने डाग देऊन (सोल्डर करून) उभा करता आला. मात्र हा ट्रान्समीटर मोजायला बसले की गोंधळ सुरू होतो. माहितीपत्रकात १० वॉट लिहिलेले असतात, एक मीटर ७ वॉट दाखवतो, मित्राकडून आणलेला दुसरा मीटर १२ वॉट दाखवतो, आणि यांतला खरा आकडा कोणता हे सांगायला कोणी नसते.

या गोंधळाचे मूळ एकच आहे. पडद्यावर उमटणारा आकडा कधीही एकट्या अ‍ॅम्प्लिफायरचा नसतो. केबल, जोडण्या, लोड (शक्ती रिचवणारा भार), प्रोब (उपकरणाचे परिपथाला टेकवायचे टोक) आणि खुद्द मोजणारे उपकरण यांचा मिळून तो बनलेला असतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर मोजण्याआधी मोजणारी साखळी मोजावी लागते, आणि हे काम एक बरा मल्टिमीटर, काही रेझिस्टर आणि थोडा धीर यांच्या बळावर घरीही चोख करता येते.

नेमके काय मोजायचे?

अ‍ॅम्प्लिफायरबद्दल चार गोष्टी कळल्या की बहुतेक काम झाले. तो संदेश किती पटींनी वाढवतो, म्हणजे त्याचा गेन किती. तो जास्तीत जास्त किती शक्ती देतो. दिलेल्या वारंवारतेखेरीज आणखी कोणत्या वारंवारता तो बाहेर टाकतो. आणि आत येणारा संदेश वाढत गेला की बाहेरचा संदेश त्याच प्रमाणात वाढतो की मध्येच थकतो.

हे सर्व डेसिबलमध्ये लिहितात. डेसिबल म्हणजे दोन शक्तींचे गुणोत्तर लिहिण्याची रीत: शक्ती दहापट झाली तर १० डेसिबल, शंभरपट झाली तर २०, आणि दुप्पट झाली तर जवळजवळ ३. डीबीएम हे त्याचेच भावंड. त्यात एक मिलिवॉट ही शक्ती शून्य धरलेली असते, म्हणून १ वॉट म्हणजे ३० डीबीएम आणि १० वॉट म्हणजे ४० डीबीएम. रेडिओच्या कामात गुणाकारांऐवजी बेरीज-वजाबाकी करता येते ती या रीतीमुळे. यापुढचे सर्व हिशेब ५० ओहमच्या व्यवस्थेतले आहेत, कारण या क्षेत्रातील बहुतेक केबली आणि उपकरणे त्याच मापाची असतात.

आधी साखळीचा धडा

तेल तोलणारा दुकानदार आधी रिकामे भांडे पारड्यात ठेवून त्याचा धडा करतो आणि मगच तेल ओततो. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन मोजण्याची योग्य रीत हीच आहे. संदेश देणारे उपकरण, दोन्ही केबली आणि अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे संदेश ठरावीक प्रमाणात घटवणारा जोड, हे सर्व अ‍ॅम्प्लिफायरशिवाय एकमेकांना जोडून वाचन नोंदवावे; नंतर काहीही न हलवता मध्ये अ‍ॅम्प्लिफायर घालून पुन्हा वाचन घ्यावे. दोन वाचनांतील फरक हा गेन. उपकरण प्रत्येक वेळी अर्धा डेसिबल जास्त दाखवत असेल, तरी ती चूक दोन्ही वाचनांत सारखीच असल्याने वजाबाकीत निघून जाते.

याहूनही चांगली रीत अशी, की अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी पायऱ्यापायऱ्यांचा अ‍ॅटेन्युएटर ठेवावा आणि अ‍ॅम्प्लिफायर घातल्यावर वाचन पुन्हा पूर्वीइतके होईपर्यंत संदेश घटवत जावा. जितके डेसिबल घटवावे लागले, तितका गेन. आता उपकरणाने फक्त 'आधीइतकेच' एवढेच ओळखायचे असते. आकडा अ‍ॅटेन्युएटर देतो, आणि अ‍ॅटेन्युएटर हे शेवटी साधे रेझिस्टरच असतात. १० डेसिबलच्या एका पायरीत सुमारे ९६ ओहमचे दोन आणि ७१ ओहमचा एक रेझिस्टर असतो, आणि ते मल्टिमीटरने तपासता येतात. जोडणी आखूड आणि नीटनेटकी असेल, तर ३० मेगाहर्ट्झपर्यंत हे गणित भरवशाचे राहते.

नॅनो-व्हीएनए वापरणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. त्याच्या बाहेर येणारा संदेश साधारण उणे १० डीबीएमचा असतो. त्यापुढे २५ डेसिबल गेनचा लहान अ‍ॅम्प्लिफायर जोडला, तर तो आधीच थकलेल्या अवस्थेत जातो आणि खरा गेन दिसतच नाही. शिवाय मूळ नॅनो-व्हीएनएचा संदेश चौकोनी लहरीचा असतो आणि ३०० मेगाहर्ट्झच्या वरचे मोजमाप तो त्या लहरीच्या तिसऱ्या किंवा पाचव्या पटीवर करतो. म्हणजे पडद्यावर ४५० मेगाहर्ट्झ दिसत असताना अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी १५० मेगाहर्ट्झची अधिक प्रबळ लहरही आदळत असते. रुंद पट्ट्याचा अ‍ॅम्प्लिफायर तिनेच दबून जाऊ शकतो. यावर उपाय सोपा आहे: संदेश अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वीच ३० डेसिबल घटवावा.

शक्ती मोजण्यासाठी ऑसिलोस्कोप पुरेसा नाही का?

ऑसिलोस्कोप (लहरीचा आकार पडद्यावर दाखवणारे उपकरण, थोडक्यात स्कोप) पुरेसा आहे, पण अटींसह. ट्रान्समीटर डमी लोडला जोडावा, म्हणजे शक्ती हवेत न सोडता तिची उष्णता करून टाकणाऱ्या ५० ओहमच्या भाराला. १ किलोओहमचे, प्रत्येकी २ वॉटचे वीस रेझिस्टर समांतर जोडले की ५० ओहमचा, ४० वॉटचा लोड तयार होतो. मात्र ते कार्बनचे किंवा धातूच्या पातळ थराचे असावेत. तारेच्या वेटोळ्याचे रेझिस्टर येथे चालत नाहीत, कारण रेडिओ वारंवारतेला ते वेटोळे कॉइलसारखे वागते. लोडवरील लहरीचे शिखरापासून तळापर्यंतचे व्होल्टेज घ्यावे, त्याचा वर्ग करून ४०० ने भागावे, की वॉट मिळतात. १० वॉटला हे व्होल्टेज ६३.२ येते.

हे गणित निर्दोष असले, तरी वर्ग करण्यामुळे चूक दुप्पट होते. ६३ ऐवजी ६० वाचले, म्हणजे व्होल्टेजमध्ये पाच टक्क्यांची चूक झाली, तर शक्ती १० ऐवजी ९ वॉट निघते. स्कोपच्या वारंवारतेच्या मर्यादेचा अर्थही नीट समजून घ्यावा. त्यावर १०० मेगाहर्ट्झ लिहिलेले असते, तेव्हा १०० मेगाहर्ट्झला तो व्होल्टेज ३० टक्के कमी दाखवतो, म्हणजे शक्ती निम्मी दिसते. २० मेगाहर्ट्झचा जुना स्कोप १४ मेगाहर्ट्झच्या बँडवरच साधारण एक-तृतीयांश शक्ती कमी दाखवतो. वापरणाऱ्याला वाटते की अ‍ॅम्प्लिफायर वरच्या बँडवर ढेपाळतो आहे. खरोखरचा अ‍ॅम्प्लिफायरही तसे करतो, मायक्रो-बिट-एक्सची शक्ती खालच्या बँडवर सुमारे १० वॉट आणि २८ मेगाहर्ट्झजवळ त्याहून बरीच कमी असते, म्हणूनच या दोन घसरणी वेगळ्या करणे महत्त्वाचे.

प्रोबचा प्रश्न याहून गंभीर आहे. दहापटीच्या प्रोबवर १० मेगाओहम लिहिलेले असते, पण ते फक्त डीसीला खरे. त्याच्या टोकाशी साधारण १५ पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स) असते आणि ती ३० मेगाहर्ट्झला सुमारे ३५० ओहमचा, तर १४४ मेगाहर्ट्झला अवघा ७४ ओहमचा अडथळा ठरते. म्हणजे त्या वारंवारतेला प्रोब हाच लोडचा भागीदार होतो. त्यातच प्रोबची १५ सेंटीमीटरची अर्थची (ग्राउंडची) तार सुमारे १५० नॅनोहेन्रीची कॉइल बनते आणि तिचा व टोकावरील धारितेचा मेळ १०० मेगाहर्ट्झच्या आसपास जमून भलतेच व्होल्टेज दिसते. ती लांब तार काढून टाकावी आणि प्रोबच्या टोकाशी बसणारी आखूड स्प्रिंग थेट लोडच्या अर्थला टेकवावी. एवढ्या एका बदलाने घरच्या मोजमापाचा जितका दर्जा सुधारतो, तितका नवा स्कोप विकत घेऊनही सुधारत नाही, असे माझे ठाम मत आहे.

उष्णतेची साक्ष

व्होल्टेज, वारंवारता, लहरीचा आकार, डायोडच्या मीटरचे हट्ट, या सर्वांना वळसा घालणारी एक जुनी आणि सुंदर रीत आहे. लोडमध्ये शिरलेल्या शक्तीची शेवटी उष्णताच होते, आणि उष्णतेला ती रेडिओ लहरीतून आली की डीसी विजेतून आली हे ठाऊक नसते.

अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवलेला ५० ओहमचा रेझिस्टर घ्यावा, त्याला तापमापक चिकटवावा आणि वाऱ्यापासून जपण्यासाठी खोक्यात ठेवावा. छताचा पंखा अवश्य बंद करावा, कारण त्याची एक झुळूकही निकाल बिघडवते. ट्रान्समीटर सुरू करून तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे आणि ते नोंदवावे. मग ट्रान्समीटर काढून त्याच लोडला डीसी पुरवठा जोडावा आणि तापमान पुन्हा तितकेच होईपर्यंत व्होल्टेज वाढवावे. आता मल्टिमीटरवरील व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजेच ट्रान्समीटरने लोडला दिलेली शक्ती. १० वॉटसाठी २२.४ व्होल्ट आणि ०.४५ अँपिअर लागतात. ३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्याने १८ वॉटपर्यंत मजल मारता येते. साधा डिजिटल मल्टिमीटर डीसी व्होल्टेज एका टक्क्याच्या आत दाखवतो, त्यामुळे थोड्या रुपयांच्या सामग्रीतून रेडिओ शक्तीचे असे मोजमाप मिळते की बाजारातील कितीतरी तयार मीटर त्यापुढे फिके पडावेत. प्रयोगशाळांतील बोलोमीटर नावाचे शक्तिमापक याच अदलाबदलीच्या तत्त्वावर चालतात.

काही पथ्ये मात्र पाळावी लागतात. दोन्ही वेळी खोलीचे तापमान सारखे असावे. ट्रान्समीटर चालू असताना इलेक्ट्रॉनिक तापमापक रेडिओ लहरींनीच भांबावू शकतो, म्हणून ट्रान्समीटर बंद करताच पुढच्या क्षणीचे वाचन आधीच्या वाचनाशी पडताळावे. आयआरएफ५१० सारख्या लहान मॉस्फेटला (शक्ती देणाऱ्या ट्रान्झिस्टरला) पूर्ण शक्तीवर अनेक मिनिटे सतत राबवू नये. ३ ते ५ वॉटला ही कसोटी घेऊन त्या बिंदूवर स्कोप किंवा दुसरा मीटर जुळवून घ्यावा आणि पुढचे काम त्याच्याकडून करून घ्यावे.

एवढी शक्ती नाजूक उपकरणापर्यंत न्यायची कशी?

टायनी-एसएसारखे स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती शक्ती आहे हे आलेखात दाखवणारे उपकरण, १० वॉट सरळ जोडले तर क्षणात जळते. यासाठी मुख्य वाटेला धक्का न लावता थोडासा नमुना काढून घेणारी शाखा बनवतात. ट्रान्समीटर आणि लोड यांच्यामधल्या तारेपासून ८२० ओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडावेत, त्यांच्या शेवटी ५१ ओहमचा रेझिस्टर अर्थला जोडावा आणि तेथून ५० ओहमच्या उपकरणाकडे केबल न्यावी. व्होल्टेज सुमारे ९८ पटींनी, म्हणजे ३९.९ डेसिबलने घटते, आणि १० वॉटचा संदेश उपकरणापाशी साधारण ० डीबीएम होतो. धातूच्या लहान पेटीत बसवलेली ही शाखा तिच्या चारही रेझिस्टरांची खरी मूल्ये मल्टिमीटरने मोजून घेतली की शब्दशः हिशेबाबरहुकूम वागते, निदान ३० मेगाहर्ट्झपर्यंत. त्यापुढे रेझिस्टरांच्या बाजूने निसटणारी धारिता आकडा फिरवू लागते, म्हणून वरच्या हार्मोनिकसाठी (मूळ वारंवारतेच्या पटींसाठी) शाखेचा स्वतःचा प्रतिसाद नॅनो-व्हीएनएवर आधी काढून ठेवावा.

शुद्धता: उपकरण स्वतःच खोटे हार्मोनिक दाखवते तेव्हा

हार्मोनिक म्हणजे मूळ वारंवारतेच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारतांना बाहेर पडणारी नको असलेली शक्ती. हा विषय केवळ तांत्रिक टापटिपीचा नाही. आपला संदेश दुसऱ्याच्या बँडवर, कदाचित सुरक्षा सेवांच्या बँडवर जाऊन पडतो. हौशी सेवेसाठी ३० मेगाहर्ट्झच्या खाली आंतरराष्ट्रीय नियम असा आहे, की ५ वॉट किंवा अधिक शक्तीच्या ट्रान्समीटरची अशी गळती मूळ संदेशापेक्षा निदान ५० डेसिबल खाली, म्हणजे एक लक्षांशाहून कमी असावी.

मायक्रो-बिट-एक्सच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांबाबत जगभरच्या हौशींनी मोजमापे केली, तेव्हा काही बँडवर हार्मोनिक मर्यादेबाहेर आढळले. हार्मोनिक अडवणाऱ्या फिल्टरांचे गणित बरोबर होते. पण फिल्टर बदलणाऱ्या रिलेमधून आणि पाटीवरील (सर्किट बोर्डवरील) पट्ट्यांमधून शक्ती फिल्टरला बगल देऊन पुढे झिरपत होती. नंतरच्या आवृत्तीत ही रचना बदलण्यात आली. आराखड्यावरून हे कधीच दिसले नसते, आणि लोडवरील एकूण शक्ती मोजूनही दिसले नसते, कारण स्कोप, डायोडचा मीटर आणि उष्णता या तिन्ही रीती हार्मोनिकची शक्ती मूळ शक्तीतच धरतात.

येथे सर्वांत मोठा धोका असा, की स्वस्त अ‍ॅनालायझरच्या आत जास्त शक्ती शिरली तर तो स्वतःच हार्मोनिक निर्माण करतो आणि निर्दोष ट्रान्समीटरवर ठपका येतो. याची कसोटी फार सोपी आहे. अ‍ॅनालायझरच्या आधी आणखी १० डेसिबलचा अ‍ॅटेन्युएटर लावावा. दुसरे हार्मोनिक खरे असेल, तर तेही १० डेसिबलच घटेल. ते अ‍ॅनालायझरच्या पोटात जन्मलेले असेल, तर २० डेसिबल घटेल. मुख्य शिखर आणि हार्मोनिक यांतील अंतर बदलायचे थांबेपर्यंत संदेश घटवत राहावे. टायनी-एसएसाठी मुख्य संदेश उणे २५ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून खाली ठेवणे हितावह असते.

थकण्याची सुरुवात कोठे होते?

आत येणारा संदेश एकेक डेसिबलने वाढवत गेले, की काही काळ बाहेरचाही एकेक डेसिबलने वाढतो. जेथे तो अपेक्षेपेक्षा एक डेसिबल मागे पडतो, तो बिंदू अ‍ॅम्प्लिफायरच्या उपयुक्त मर्यादेचे पहिले चिन्ह. हे मोजताना पुरवठ्याचे व्होल्टेज थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पाटीवर पाहावे. बारीक तारेत अर्धा-एक व्होल्ट पडला, तर थकलेला असतो तो पुरवठा आणि दोष अ‍ॅम्प्लिफायरवर येतो.

आवाज पाठवणाऱ्या ट्रान्समीटरसाठी दोन सुरांची कसोटी घेतात, प्रथेप्रमाणे ७०० आणि १९०० हर्ट्झचे सूर देऊन. दोन सूर एकमेकांत मिसळून शेजारी जी बांडगुळे उगवतात, ती अ‍ॅम्प्लिफायर किती सरळ आहे ते सांगतात. या वेळी शक्ती वाचताना घोटाळा होतो, तो असा: दोन सारख्या सुरांच्या संदेशाची सरासरी शक्ती शिखरशक्तीच्या निम्मीच असते आणि अ‍ॅनालायझरवर प्रत्येक सुराचे शिखर शिखरशक्तीच्या ६ डेसिबल खाली दिसते. त्यामुळे सरासरी मोजणाऱ्या मीटरवर ५ वॉट दिसले, तर शिखरशक्ती १० वॉट आहे असे समजावे.

'माझ्याकडे तयार वॉटमीटर आहे, मग हा खटाटोप कशाला?'

तयार मीटरची अचूकता बहुधा पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. २०० वॉटच्या पट्टीवर १० टक्के म्हणजे सुईच्या कोणत्याही जागी २० वॉट इकडेतिकडे. अशा पट्टीवर १० वॉट मोजणे म्हणजे आकडा अंदाजाने लिहिण्यासारखेच आहे. डायोडच्या साध्या मीटरचेही तसेच: सिलिकॉन डायोड सुमारे ०.६ व्होल्ट स्वतःकडे ठेवतो, म्हणून १० वॉटच्या ३१.६ व्होल्ट शिखराला ती चूक किरकोळ असते, पण १० मिलिवॉटचे शिखर अवघे एक व्होल्टचे असते आणि तेथे निम्म्याहून अधिक व्होल्टेज डायोडच गिळतो.

'दोन दशांश स्थळांपर्यंत आकडा दिसतो, तो चुकेल कसा?'

दशांश स्थळे पडद्याची असतात, सत्याची नव्हेत. समजा, अ‍ॅम्प्लिफायरचे बाहेरचे टोक ५० ओहमशी फारसे जुळत नाही आणि त्यावरून १० डेसिबल घटीचे परावर्तन होते (म्हणजे परतणारी लहर १० डेसिबल कमी असते), तर मोजणाऱ्या उपकरणावरून २० डेसिबल घटीचे. या दोन परावर्तनांची आपसात कशी गाठ पडते हे केबलच्या लांबीवर अवलंबून असते, आणि तेवढ्यानेच वाचन ०.२७ डेसिबल वर किंवा खाली जाऊ शकते. दोन्ही टोके १० डेसिबलचीच असली, तर ही अनिश्चितता जवळजवळ ०.९ डेसिबलपर्यंत जाते. मध्ये १० डेसिबलचा चांगला अ‍ॅटेन्युएटर ठेवला, की परावर्तित लहरीला तो दोनदा ओलांडावा लागतो आणि ही चूक नगण्य होते.

'पलीकडच्याला फरक कळत नाही, तर अचूकता हवी कशाला?'

हा आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य करायला हवा. ७ आणि १० वॉट यांत दीड डेसिबलचाच फरक आहे. रिसीव्हरच्या एस-मीटरची (संदेशाचा जोर दाखवणाऱ्या मीटरची) एक पायरी ६ डेसिबलची धरतात, म्हणजे ऐकणाऱ्याला हा फरक जाणवणारच नाही. पण शक्तीचा आकडा ऐकणाऱ्यासाठी नसतो. १२ व्होल्टला १.७ अँपिअर घेणारा अ‍ॅम्प्लिफायर २० वॉट खातो; बाहेर १० वॉट जात असतील तर १० वॉटची उष्णता मॉस्फेटवर राहते, आणि ७ वॉटच जात असतील तर १३ वॉटची. उष्णता पसरवणारी पट्टी (हीटसिंक) आणि पंखा कोणता लावायचा हे त्यावरून ठरते. परवान्याने घातलेली शक्तीची मर्यादा आपण पाळतो की नाही, हेही त्याशिवाय कळत नाही. आणि ट्रान्सफॉर्मरची वेटोळी बदलून अर्धा डेसिबल सुधारणा झाली असे म्हणायचे असेल, तर मोजमापाची चूक त्याहून लहान असायला हवी.

निकाल कसा लिहावा?

एकेका स्रोताची चूक डेसिबलमध्ये अंदाजावी, तिचे वर्ग करून बेरीज करावी आणि बेरजेचे वर्गमूळ घ्यावे. नमुना शाखेची ०.२, न जुळण्याची ०.३ आणि उपकरणाची ०.५ धरली, तर एकूण ०.६ डेसिबल येते, म्हणजे शक्तीत साधारण १५ टक्के. मग नोंद अशी होते: '४० डीबीएम, ०.६ डेसिबल कमी-अधिक, ७.१ मेगाहर्ट्झ, पाटीवर १३.८ व्होल्ट, १.७ अँपिअर, ५० ओहमचा लोड.' या नोंदीवरून दुसरा कोणीही तेच मोजमाप पुन्हा करून पाहू शकतो, आणि ७ व १२ वॉट दाखवणारे दोन्ही मीटर त्या पट्ट्याबाहेर आहेत हेही लगेच दिसते.

एक अ‍ॅटेन्युएटर आणि एक लोड मात्र इतर कोणत्याही कामाला न लावता कायम बाजूला जपून ठेवावेत. मोजायला बसण्यापूर्वी प्रत्येक वेळी आधी तेच मोजावेत. जुन्या नोंदीपेक्षा ०.२ डेसिबलहून अधिक फरक दिसला, तर अ‍ॅम्प्लिफायरला हात लावण्याआधी केबलींची टोके घट्ट करून आणि त्यांचे डाग तपासून मगच पुढे जावे.